पुलावरचे तीन साक्षीदार

"माझं घर विकलं गेलंय," नर्सबाई म्हणाल्या, "आणि मी अजून त्यातच राहतेय."

भाऊजींच्या हातातला कप बशीवर जरा जोरातच टेकला. वहिनींनी तिकडे लक्ष दिले नाही. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"कुणी विकलं?"

"मीच, असं म्हणतात. तीन माणसांनी पाहिलं म्हणे. तिघांपैकी एकालाही मी ओळखत नाही."

वहिनींचे सारे आयुष्य विमा कंपनीसाठी खोटे दावे शोधण्यात गेले होते. नोकरी संपली, पण खोड गेली नाही. आता त्या आपल्या घराच्या पुढच्या खोलीत बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकत. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. छापखान्यात मुद्रिते तपासून निवृत्त झालेले. थोरला भाऊ गेल्यापासून ते रोज सकाळी वहिनींकडे चहाला येत आणि वहिनी जातील तिथे मागोमाग जात. आपला इथे नेमका उपयोग काय, हा प्रश्न त्यांना रोज पडे. विचारायचा धीर होत नसे.

याच नर्सबाईंनी भावाच्या शेवटच्या आजारात रात्रंदिवस उशाशी बसून त्याचे केले होते. त्यामुळे आज भाऊजी पहिल्या शब्दापासूनच कान देऊन ऐकत होते.

"उद्या दुपारी लवाद बसतोय," नर्सबाई म्हणाल्या. "निकाल विरुद्ध गेला की घर सोडायचं. घरी सासूबाई आहेत, त्यांना अजून सांगितलेलं नाही. कोणत्या तोंडाने सांगू?"

"तुम्ही विकलं नाहीत?"

"नाही हो."

"मग उठा," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, छत्री राहू द्या. ऊन आहे."

*

पुलाचे कार्यालय एका उंच इमारतीत होते. पूल म्हणजे दगडविटांचा नव्हे. व्यवस्थापकांनी तो समजावून सांगायला घेतला आणि भाऊजींनी कपाळाला आठ्या घालून ऐकायला घेतले.

"घरांची मालकी नोंदवणारी एक ब्लॉकचेन आहे. हजारो संगणकांचं जाळं म्हणा. प्रत्येकाकडे सगळ्या नोंदींची प्रत. त्यामुळे मागाहून कुणाला खाडाखोड करता येत नाही. घरांची खरेदी-विक्री होते ती दुसऱ्या जाळ्यावर. पण या दोन जाळ्यांना एकमेकांचं काहीच दिसत नाही. एक आंधळं, तर दुसरं बहिरं."

"आणि मध्ये तुमचा पूल."

"हो. घर विकायचं असेल तर मालक पहिल्या जाळ्यावर आपल्या मालकीपत्राला कुलूप लावतो. आमचे तीन साक्षीदार ते कुलूप पाहतात आणि सही करतात. तिन्ही सह्या आल्या की दुसऱ्या जाळ्यावर त्या घराचं जुळं पत्र तयार होतं. ते विकता येतं."

"तीनच का?"

"एक विकत घेता येईल, दोघं संगनमत करतील. तिघं, तेही एकमेकांना न ओळखणारे, शहराच्या तीन टोकांना राहणारे? प्रत्येकाच्या घरी आम्ही एक मशीन दिलंय. ते रात्रंदिवस स्वतः जाळ्याची पूर्ण प्रत ठेवतं, प्रत्येक नोंद तपासतं. कुणी दुसऱ्याच्या सांगण्यावर सही करायचीच नाही, हा आमचा पहिला नियम."

"या बाईंच्या पत्रावर पहिल्या जाळ्यात कुलूप आहे?"

व्यवस्थापकांनी घसा साफ केला. "आज नाही. पण जाळ्यातल्या नोंदींच्या साखळीची अगदी शेवटची कडी क्वचित गळून पडते. त्या कडीत कुलूप असणार. तिघांनी ते पाहिलं, मग कडी गळली, म्हणून आज दिसत नाही. पण बाईंनी कुलूप लावलं हे खरं. घेणाऱ्याने पैसे मोजलेत. तीन प्रामाणिक माणसं खोटं कशाला बोलतील?"

नर्सबाईंनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले आणि सोडले. पुन्हा गुंडाळले.

समोरच्या भिंतीवर मोठा पडदा होता. त्यावर पहिल्या जाळ्यातल्या नोंदी एकीखाली एक सरकत होत्या.

"हे कधी बंद पडतं का?" वहिनींनी विचारले.

"सुरू झाल्यापासून एक क्षणही नाही," व्यवस्थापक छाती काढून म्हणाले. "कुलूप दिसलं त्या दिवशीही नाही. हा आमचा पडदा इथल्याच मशीनवर चालतो, माझं लक्ष असतं. पाना, पाहुण्यांना गाडीतून साक्षीदारांकडे घेऊन जा."

पाना म्हणजे देखभालीचा माणूस. खरे नाव कुणी घेत नसे. तिशीतला, हसतमुख, खिशात कायम छोटे स्क्रूड्रायव्हर. नर्सबाईंना पाहून त्याने मान खाली घातली.

"वाईट झालं हो ताई," तो हळूच म्हणाला.

*

पहिल्या साक्षीदार गणिताच्या निवृत्त शिक्षिका होत्या. तिसऱ्या मजल्यावरची टापटीप खोली. मशीन कोपऱ्यातल्या स्टुलावर, त्याच्यावर पांढऱ्या दोऱ्याचे घट्ट विणलेले आच्छादन, पार खालपर्यंत ओढलेले. त्यावर फुलदाणी.

"सुंदर विणलंय," वहिनी म्हणाल्या आणि त्यावर तळहात टेकून उभ्या राहिल्या.

"माझंच. पूर्वी या मशीनची घरघर इतकी, की सून म्हणायची, विमानतळावर राहतोय का आपण. आता सवय झाली." शिक्षिकाबाईंनी समोरचा टॅब्लेट दाखवला. "मी यावर बघते आणि सही करते. यांचं कुलूप मी डोळ्यांनी पाहिलं. आकड्यात मी चुकत नाही."

"त्या दिवसाचं आणखी काही आठवतं?"

"जेवणाच्या वेळी पडदा जरा वेळ गोठला होता. मी म्हटलं, जाळंही जेवायला गेलं. मग सुरू झालं आणि लगेच यांचं कुलूप आलं."

पाना दारात उभा होता. बाईंनी त्याच्या हातावर बिस्किटे ठेवली. "गुणी आहे हो आमचा हा. महिन्याला न चुकता येतो."

खोलीत भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक स्पष्ट ऐकू येत होती. भाऊजींना ती मोजावीशी वाटली. अस्वस्थ झाले की ते असेच काहीतरी मोजत.

दुसरा साक्षीदार घड्याळजी. दुकान एवढेसे, की भाऊजी बाहेर पायरीवरच थांबले. मशीन काउंटरखाली होते. समोरच्या हिरव्या दिव्याखेरीज त्यात जिवंतपणाची खूण नव्हती. त्याच्या मागच्या जाळीला चिकटून टिश्यू कागदांचा गठ्ठा ठेवलेला होता. एकही कागद हलत नव्हता.

"फुंकर घालू नका," घड्याळजी डोळ्याला भिंग लावून म्हणाला. "शिंकायचं तर रस्त्यावर. धुळीचा एक कण आत गेला की माझा दिवस वाया."

"मग असं पंख्याचं मशीन कसं चालतं तुम्हाला?"

घड्याळजीने भिंग काढून पुसले. बराच वेळ पुसले. "चालवून घेतो. सही मात्र मी कुलूप पाहूनच केली. माझ्या मुलाची शपथ."

"त्या दिवशी काही वेगळं?"

"दुपारी पडदा अडकला होता थोडा. मी दोनदा चापट मारली. मग सुटला."

तिसरा साक्षीदार दंतवैद्य. त्याचा दवाखाना एका इमारतीत सगळ्यात वर आणि लिफ्ट दुरुस्तीत. भाऊजी दोन मजल्यांतच धापा टाकू लागले.

"काका, सावकाश," पानाने त्यांचा दंड धरला. "माझे तर हाल विचारू नका. हा गोंधळ झाला ना, त्याच दिवशी दुपारी आमच्या इमारतीची वीज गेली. लिफ्ट बंद, सासूबाई आलेल्या, त्यांची पेटी माझ्या डोक्यावर. निम्म्या जिन्यात त्या म्हणतात, अरे, माझी पर्स रिक्षात राहिली."

भाऊजी हसले. दिवसभरात पहिल्यांदाच. नर्सबाईसुद्धा किंचित हसल्या. वहिनी जिन्याच्या खिडकीतून बाहेर बघत होत्या.

दंतवैद्य बोलका होता. मशीन त्याने औषधांच्या बंद कपाटात ठेवले होते. वहिनींनी दार उघडायला लावले. आत गार वाटले. वरच्या फळीवर मेणाचे नमुने ओळीने मांडलेले होते.

"दातांचे साचे?"

"रुग्णांचे. उन्हात ठेवले तर वितळतील, म्हणून इथे. आणि कुलूप मी पाहिलं, हे आधीच सांगतो. एका आजोबांच्या तोंडात माझे दोन्ही हात होते, पडदा ठप्प. आजोबा डोळ्यांनीच म्हणाले, डॉक्टर, माझ्यावर लक्ष द्या. मग पडदा सुरू झाला, कुलूप दिसलं, हात धुऊन सही केली."

"बाकीच्या दोन साक्षीदारांना ओळखता?"

"नावंही ठाऊक नाहीत. तोच तर नियम."

*

संध्याकाळी नर्सबाई ड्यूटीवर गेल्या.

"वहिनी, तिघंही मिळालेले आहेत," ते म्हणाले. "तिघांची गोष्ट शब्दाला शब्द एक. पडदा गोठला, सुटला, कुलूप आलं. पढवल्यासारखी."

"खोटं पढवणारा तीच अडचण तिघांना कशाला पढवेल? ती सांगून त्यांचा फायदा काय?"

"मग ती कडी का काय ती, गळाली असेल."

"मी नोंदणी कचेरीला फोन केला. तीन सह्यांपुढे लवाद ते ऐकणार नाही, पण त्या दिवशी एकही कडी गळालेली नाही. कुलूप कधी लागलंच नव्हतं."

"म्हणजे तिघांनी न लागलेलं कुलूप पाहिलं?"

"हो."

"आणि तिघं खरं बोलतायत?"

"कुलपाबद्दल, हो."

भाऊजींनी डोक्याला हात लावला. "मला काही कळेना. मी आपला घरी जातो."

"जा. पण सकाळी एक काम आहे. व्यवस्थापकांनी तिन्ही साक्षीदारांना आपापले टॅब्लेट घेऊन कार्यालयात बोलावलंय. ते निघाले की तुम्ही तिन्ही ठिकाणी जायचं आणि तिथल्या मशीनचा प्लग भिंतीतून काढायचा. मशीनं कंपनीची आहेत, व्यवस्थापकांची चिठ्ठी देते. साक्षीदारांना मात्र आधी कळता कामा नये."

"प्लग काढायचा? पुलाचे डोळेच बंद पडतील, वहिनी. निकालाच्या दिवशी?"

"तेच बघायचंय."

भाऊजींना रात्री धड झोप लागली नाही.

*

सकाळी त्यांनी सांगितल्याप्रमाणे केले. शिक्षिकाबाईंच्या सुनेने फुलदाणी उचलून घेतली. दुकानात घड्याळजीची बायको होती, तिने चिठ्ठी दोनदा वाचली. दंतवैद्याच्या मदतनिसाने कपाट उघडून दिले. प्रत्येक वेळी प्लग काढण्याआधी भाऊजी वहिनींचे शब्द मनात पुन्हा घोकत. आपल्या हातून काहीतरी भलतेच होऊन बसणार, आणि नर्सबाईंचे घर आपल्यामुळेच जाणार, असे त्यांना वाटत राहिले.

ते कार्यालयात पोहोचले तेव्हा सगळे लांब टेबलाभोवती बसले होते. तीन साक्षीदार एकमेकांकडे चोरून बघत होते. व्यवस्थापक, नर्सबाई आणि दाराकडच्या टोकाला पाना. तिघांसमोर तीन टॅब्लेट, भिंतीवर मोठा पडदा. सगळीकडे नोंदी सरकत होत्या.

वहिनींनी भुवया उंचावल्या. भाऊजींनी मान हलवली.

"इथे शेजारी बसा, भाऊजी," वहिनी पुटपुटल्या, "आणि फक्त पानाच्या हातांकडे बघत राहा."

मग त्या उभ्या राहिल्या.

"व्यवस्थापक, साक्षीदारांना जाळं दिसतं ते कशातून?"

"आपापल्या घरच्या मशीनमधून. सांगितलं की काल."

"तिन्ही मशीनं आज सकाळपासून बंद आहेत. आमच्या भाऊजींनी स्वतः प्लग काढलेत."

सगळ्यांच्या नजरा टेबलावर वळल्या. तिन्ही टॅब्लेटवर नोंदी सरकतच होत्या.

शिक्षिकाबाईंचा चेहरा प्रथम पडला. "मी सांगते," त्या हळू म्हणाल्या. "त्या घरघरीने माझं डोकं उठायचं. मी पानाला म्हटलं, काहीतरी कर बाबा. तो म्हणाला, मशीन नुसतं दिव्यापुरतं ठेवू, तुमच्या टॅब्लेटला मी दुसरीकडून जाळं दाखवतो, कुणाला कळणार नाही. वाटलं, मी एकटीने नाही बघितलं तर काय झालं? बाकीचे दोघं बघतातच की."

"तुम्हीही?" घड्याळजी म्हणाला.

"तुम्हीही?" दंतवैद्य घड्याळजीला म्हणाला.

तिघांनीही आपापला टॅब्लेट थोडा दूर सारला.

"काल माझ्या हाताला ते मशीन गार लागलं," वहिनी म्हणाल्या. "रात्रंदिवस चालणाऱ्या यंत्राला कुणी विणलेली खोळ घालेल का? घड्याळजीच्या दुकानात पंखा धूळ उडवणार, पण जाळीला टेकलेला कागदही हलत नव्हता. डॉक्टरांच्या बंद कपाटात मेण वितळत नाही. तिन्ही मशीनांचे नुसते दिवे जळत होते. प्रत्येकाने एकट्याने, गुपचूप, थोडा आळस केला. बाकीच्या दोघांच्या भरवशावर. तीन साक्षीदार नव्हतेच. खिडकी एकच होती आणि तिघं तिच्यातून बघत होते. खिडकीवर कुणी रंगवलेलं चित्र लावलं, तर तिघांना तेच चित्र दिसणार. आणि तिघं शपथेवर सांगणार, आम्ही पाहिलं."

व्यवस्थापक पानाकडे वळले. "दुसरीकडून म्हणजे कुठून दाखवायचास?"

"इथूनच, सर," पाना पटकन म्हणाला. "कार्यालयातल्या मशीनमधून. माझी चूक झाली, त्यांची दया आली. पण इथे कितीतरी लोक येतात-जातात. चित्र कुणीही लावलं असेल."

"नाही," वहिनी म्हणाल्या. "त्या दिवशी दुपारी तिघांचा पडदा गोठला. जाळं थांबलं नव्हतं. भिंतीवरचा पडदाही थांबला नव्हता, तो व्यवस्थापकांच्या नजरेसमोर असतो. म्हणजे ती खिडकी या कार्यालयात नाही. जिथे आहे, तिथली वीज त्या दुपारी गेली होती. कालच्या जिन्यात एकाने सांगितलं, त्याच्या इमारतीतली लिफ्ट नेमकी त्या दुपारी बंद पडली होती. वीज आली, मशीन पुन्हा चालू झालं, त्याने ठरवलेलं खोट्या कुलपाचं चित्र लावलं."

पाना हसला. हसू ओठांपुरतेच होते. "मॅडम, वीज अर्ध्या शहराची जाते. त्यावरून माणसाला चोर म्हणायचं?"

"नाही म्हणत. तपासणारा अधिकारी तुमच्या दारात पोहोचला असेल. तुमच्या घरात तसं मशीन चालू नसेल, तर मी तुमची हात जोडून माफी मागेन."

भाऊजी त्याच्या हातांकडे बघत होते. उजवा हात मांडीवरच्या फोनवर होता. चेहरा वहिनींकडे वळलेला, नजर स्थिर, पण अंगठा खाली हलत होता. एकदा, दोनदा, मग एक लांब दाब.

भाऊजींना आता बोलायला हवे होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांवर त्यांनी मुकाट खुणा केल्या होत्या.

"वहिनी, त्याने फोनवर काहीतरी दाबलं," ते कसेबसे म्हणाले.

बाईंच्या टॅब्लेटवरची शेवटची नोंद जागच्या जागी थांबली. घड्याळजीचीही. दंतवैद्याचीही. भिंतीवरच्या पडद्यावर मात्र नोंदी पूर्वीसारख्याच एकीखाली एक सरकत होत्या.

पानाने फोन टेबलावर ठेवला. जरा वेळाने त्याचे खांदे खाली आले.

"अधिकारी दारात नाही ना?" त्याने विचारले.

"आता पाठवतील. घरातलं मशीन तुम्हीच आत्ता इथून बंद केलंत," वहिनी म्हणाल्या.

"मी मुद्दाम नव्हतं केलं सुरुवातीला." तो टेबलाकडे बघत बोलत होता. "एकाची सोय केली. मग दुसऱ्याची. तिसऱ्याने सांगितलं तेव्हा रात्रभर विचार केला, साहेबांना सांगावं का. पण प्रत्येकाने गळ घातली होती, कुणाला बोलू नकोस. मग लक्षात आलं, आता मी दाखवीन तेच खरं. ते डोक्यातून जाईचना."

"माझंच घर का?" नर्सबाईंनी विचारले.

पानाने मान वर केली नाही. "घरांच्या यादीत पहिलं समोर आलं, ताई. तुम्हाला पाहिलं नव्हतं ना."

*

खोटे जुळे पत्र रद्द करायलासुद्धा तिन्ही साक्षीदारांच्या सह्या लागत. व्यवस्थापकांनी लवादाला फोन केला. लवाद म्हणाला, दुपारची सुनावणी पुढे ढकलतो, संध्याकाळपर्यंत रद्द झाले तर तिची गरज नाही. पानाने खोट्या नावाने उघडलेल्या खात्यातले घेणाऱ्याचे पैसे आता अडकवू, ते परत जातील. झाले नाही, तर मात्र आहे त्या सह्यांवर निकाल द्यावा लागेल.

"मी आत्ता करतो सही," दंतवैद्य म्हणाला. "सगळं उघडच झालंय."

"मीसुद्धा," घड्याळजी म्हणाला.

शिक्षिकाबाईंनी टॅब्लेट उलटा करून ठेवला. "मी नाही. पुन्हा कुणाच्या सांगण्यावर सही करायची? मी घरी जाऊन ते मशीन लावते. ते सगळी प्रत तपासून आजच्या नोंदीपर्यंत पोहोचू दे. मग मी बघीन, आणि मग करीन."

"वेळ लागेल, बाई," व्यवस्थापक कळवळून म्हणाले. "संध्याकाळ होईल. कदाचित उशीरही होईल."

सगळ्यांनी नर्सबाईंकडे पाहिले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. भाऊजींना वाटले, आता या रडतील, हात जोडतील.

"नीट बघून करा," नर्सबाई म्हणाल्या. "मी थांबते."

मग बाकीचे दोघेही खुर्च्या सरकवून उठले आणि आपापल्या घरी मशीन लावायला गेले.

ती दुपार सरता सरेना. वहिनी आणि भाऊजी नर्सबाईंच्या घरी बसून होते. सासूबाई आतबाहेर करत होत्या. आज सुनेला एवढे पाहुणे कशाला, हे त्यांना कळत नव्हते. घड्याळजीची सही आली. बऱ्याच वेळाने दंतवैद्याची आली. शिक्षिकाबाईंची येईना. भाऊजींनी तीनदा फोनकडे हात नेला, तिन्ही वेळा वहिनींनी नुसते त्यांच्याकडे पाहिले.

बाईंनीच एकदा फोन केला. "अजून पोहोचलं नाही. घरघर कान किटवतेय. बसलेय त्याच्यासमोर." आणि ठेवून दिला.

खिडकीतले ऊन भिंतीवरून वर चढत छताला लागले, तेव्हा नर्सबाईंचा फोन वाजला. त्यांनी वाचले. पुन्हा वाचले. मग भाऊजींपुढे धरला. "तुम्ही वाचा. मला अक्षरं एकमेकांत जाताना दिसतायत."

भाऊजींनी चष्मा सारखा केला आणि सवयीने एकेक शब्दावर थांबत वाचले. "जुळं पत्र रद्द. मालक एकच. तुमचंच नाव आहे."

"कसलं पत्र?" सासूबाई दारातून म्हणाल्या. "काय झालंय या घराला?"

नर्सबाई उठून त्यांच्याजवळ गेल्या. काही बोलायच्या आधीच त्यांना हुंदका आला.

"काही नाही, आई. आपलंच आहे."

"मग ते काय मला आज कळतंय?" सासूबाई म्हणाल्या, आणि सुनेला का रडू येतेय हे न कळताच तिच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या.